ड्रेकमधून वाळीत टाकलेला सुतार

विदरसेट गावात माणूस तुरुंगात जाऊन आला तर सहा महिन्यांत लोक विसरतात. पण 'लेम ड्रेक'मधून त्याला कायमचं बाहेर काढलं, तर ते त्याच्या पोराबाळांनाही ऐकावं लागतं. सायलस कॅटरमोलला तिथून बाहेर काढलं तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, गावचा सुतार होता, आणि गुन्हा एवढाच की चारचौघांत खरं बोलला होता.

ड्रेक म्हणजे गावचा एकुलता एक पब. रस्त्यावरून बघितलं तर लाल विटांची सरळसोट भिंत, मधोमध दार, दोन्हीकडे एकसारख्या खिडक्या, आणि दारावर एक पाय आखडून उभ्या असलेल्या बदकाचं चित्र. कुणा सरकारी कारकुनानं बांधलं असावं असं वाटायचं. आत शिरलं की मात्र सगळा सरळपणा संपायचा. फरशी एका कोपऱ्याकडे उतरत गेलेली, दारं इतकी बुटकी की उंच माणसाच्या कपाळाला कायम टेंगूळ, कुडाच्या भिंती पोट सुटल्यासारख्या पुढे आलेल्या. शेकोटीच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काळीकुट्ट जाडजूड तुळई. सगळी भानगड झाली ती या तुळईपायी.

रेग बॉरेटनं लढाई संपल्यावर हा पब घेतला. दिसायला रुबाबदार, मिशी पिळलेली, आणि थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. इंग्लंडातल्या प्रत्येक जुन्या पबाच्या मालकाला एक खोड असते. पब आहे तेवढा जुना त्याला पुरत नाही. कुणाच्या पबात दरोडेखोर लपलेला असतो, कुणाच्यात राजा झोपलेला असतो, आणि ज्याला काहीच सापडत नाही तो म्हणतो आमची लाकडं जहाजाची आहेत. बॉरेटनं तुळईखाली पितळी पाटी ठोकली : 'स्पॅनिश आरमाराच्या जहाजाची तुळई, १५८८'. तुळईत जुन्या रिकाम्या खाचा होत्या. त्यात बोट घालून तो पाहुण्यांना सांगायचा, इथे तोफेचा गाडा बसवलेला होता. वर एक छोटी पुस्तिका छापून घेतली आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटोही आणला.

त्रेपन्न साली राणीच्या राज्याभिषेकाचा दिवस होता. बाहेर पिरपिर, आत अख्खं गाव. जवळच्या लष्करी विमानतळावरचे चार अमेरिकन अधिकारी बायकांना घेऊन आलेले. बॉरेटला असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी.

"हात लावून बघा, बाईसाहेब," तो म्हणाला. "पावणेचारशे वर्षं झाली, समुद्राचं मीठ अजून जात नाही."

त्या बाईनं खरंच बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

सायलस तिसरा पेला घेऊन शेजारीच उभा होता. त्याच्या आजानं, त्याच्या बापानं आणि त्यानं स्वतः या घराची डागडुजी केलेली. त्याला राहवलं नाही.

"बाईसाहेब, तो खारटपणा डुकरांच्या मुताचा असेल," तो म्हणाला. "ही तुळई गार्नमच्या डुकरांच्या कोठारातली. माझ्या आजानं अठराशे सत्त्याऐंशी साली इथं चढवली. समुद्र तिनं चित्रातसुद्धा बघितलेला नाही."

पब हसून लोळायला लागला. बाई रुमालानं जीभ पुसायला लागली. बॉरेटचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल झालं.

"पेला खाली ठेव," तो म्हणाला.

"अजून अर्धा आहे."

"ठेव, आणि चालता हो. जन्मभरासाठी."

सगळ्यांना वाटलं, दोन दिवसांत निवळेल. शुक्रवारी सायलस नेहमीसारखा आला, तर बॉरेट त्याच्याकडे न बघता फडकं फिरवत राहिला. "या घरात तुला बिअर नाही," एवढंच म्हणाला. आमच्याकडे याला कोर्टकचेरी नाही. ज्या मालकानं बंदी घातली त्यानंच ती उठवायची, नाहीतर दारावरच्या पाटीवर दुसऱ्या मालकाचं नाव लागायची वाट बघायची. तिसरा रस्ता नाही.

तसा एक रस्ता बॉरेटनं निरोप पाठवून सुचवला. सायलसनं सगळ्यांसमोर म्हणावं, की तुळई जहाजाची आहे. सायलसनं उलट निरोप पाठवला, की आपण खोटं बोलणार नाही, आणि खरं बोललो त्याची माफी कशाला मागायची. दोघंही एका मापाचे हट्टी. मधे पडणारे थकले.

सहा वर्षांनी सायलसच्या मुलीचं, थर्झाचं, लग्न निघालं. चर्चच्या सभागृहाचं छप्पर उतरवलेलं, म्हणून जेवण ड्रेकच्या मागच्या खोलीत ठरलं. नवऱ्यामुलाकडच्यांनी ठरवलं, सायलस काय बोलणार. त्यानं चर्चमधे पोरीचा हात जावयाच्या हातात दिला, वऱ्हाडाबरोबर चालत ड्रेकच्या दारापर्यंत आला, आणि दारात बॉरेट हाताची घडी घालून उभा.

"आज तरी सोड, रेग," टेड स्मी म्हणाला. टेड गावच्या थडग्यांचे खड्डे खणायचा आणि सगळ्यांशी चांगला होता.

"माझी काही ना नाही," बॉरेट म्हणाला. "त्यानं म्हणावं जहाजाची, मी स्वतः पहिला पेला भरून देतो."

थर्झा रडायला लागली. सायलस म्हणाला, "तू जा आत, पोरी. गार होईल सगळं." मग तो आपला एकुलता एक सूट घालून समोरच्या गल्लीत उभा राहिला. आतून टेबलं सरकल्याचे आवाज आले, हसणं आलं. मुलीच्या बापानं करायचं भाषण जावयाच्या काकानं केलं. खिडकी उघडी होती, शब्दन् शब्द ऐकू आला.

थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारानं बॉरेटची बायको मेबल आली. एका हातात हॅम आणि केकची ताटली, दुसऱ्या हातात एप्रनखाली लपवलेला बिअरचा पेला. "माझ्या नवऱ्याला अक्कल कधी येईल ते देवाला माहीत," ती म्हणाली. "तू खाऊन घे, सायलस."

तिचा मान राखून त्यानं ताटली रिकामी केली. बिअर मात्र गटारात ओतून दिली, कारण ती बॉरेटची होती. त्या दिवसापर्यंत तो नुसता रागावलेला होता. त्या दिवशी त्यानं डूख धरला.

पुढे पंधरा वर्षं तो बिअर प्यायला चार मैल चालत शेजारच्या गावी जायचा. तिथले लोक त्याला शेवटपर्यंत 'तो विदरसेटचा' म्हणत राहिले. ड्रेकवरून जाताना तो दारावरची पाटी वाचायचा. 'रेजिनाल्ड बॉरेट, मद्यविक्रीचा परवाना.' रोज वाचायचा, जसं काही रात्रीतून नाव बदलेल.

"तू त्याच्या मरणाच्या वाटेवर डोळे लावून जगतोयस," त्याची बायको एडना म्हणायची. "त्यापेक्षा कोंबड्या पाळ."

"मरायला नको. नुसतं नाक घासायला हवं," सायलस म्हणायचा. "त्याचं नाक आणि माझी फरशी."

चौऱ्याहत्तर साली वसंतात टेड स्मी सायलसच्या कारखान्यात आला आणि रंधा मारायच्या बाकावर बसला.

"पाटीवरचं नाव जातंय, सायलस."

सायलसच्या हातातली पटाशी थांबली. "कोण येतंय?"

"कुणी नाही. पाटीच जातेय, दारासकट. इप्सविचची कंपनी आहे, पेट्रोल पंप बांधणार आणि मागे बंगल्या. ड्रेक पाडणार. रेग फेलिक्स्टोला समुद्रावर राहायला जाणार म्हणे."

सायलसनं पटाशी बाकावर ठेवली. एकवीस वर्षं ज्या दाराकडे बघत काढली ते दारच राहणार नाही, आणि तो मनुष्य समुद्रावर खुर्ची टाकून बसणार. वाळीत टाकणारा सुटला, टाकलेला तसाच. त्याला वाटलं, हा आपल्याला दुसऱ्यांदा गल्लीत उभं करतोय.

पण बॉरेटचं घोडं एका ठिकाणी अडलं, आणि अडलं तेही त्याच्याच थापेत. जिल्ह्याच्या कचेरीत कुणीतरी ती जुनी पुस्तिका आणि तो वर्तमानपत्रातला फोटो काढून ठेवलेला. पंधराशे अठ्ठ्याऐंशीची तुळई असलेलं घर असं कसं पाडू देणार? आधी आमची बाई येऊन बघेल, मग काय ते. बॉरेटनं घाईघाईनं पितळी पाटी उपसून काढली, पण भिंतीवर तिच्या आकाराचा डाग राहिला. तो कंपनीला सांगून थकला, कचेरीला लिहून थकला, की ती सगळी लोणकढी होती, गिऱ्हाइकांसाठी. कोण विश्वास ठेवणार? साक्षीदार हवा होता. तुळई कुणी, कधी, कुठून आणून बसवली हे सांगणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता.

बॉरेट कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा सायलसनं मान वर केली नाही. रंध्याची एक लांब साल निघेपर्यंत त्याला ताटकळत ठेवला.

"सायलस."

"हं."

"त्या दिवशी तू तुळईबद्दल जे म्हणालास ना, ते सोमवारी त्या बाईला सांगायचं. बास. खरं तेच सांगायचंय."

"एकवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं की. तेव्हा तुला आवडलं नव्हतं."

बॉरेट वाळला होता. मिशी पांढरी आणि लोंबलेली. "काय पाहिजे तुला?" त्यानं विचारलं.

"शनिवारी दुपारी बारा वाजता, पब भरलेला असताना," सायलस म्हणाला. "मोठ्यानं बोलायचं, मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. बंदी उठली म्हणून सांग. मी खरं बोललो होतो म्हणून सांग. आणि माझ्या थर्झाच्या लग्नाचंही सांग."

बॉरेट दारातच घुटमळला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण "शनिवारी," म्हणाला आणि गेला.

शनिवारी ड्रेकमधे पाय ठेवायला जागा नव्हती. टेडनं गावभर दवंडीच पिटली होती. सायलस थर्झाच्या लग्नातलाच सूट घालून आला आणि उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबला.

"सायलस कॅटरमोलवरची बंदी मी उठवतो," बॉरेट म्हणाला. आवाज फाटत होता. "तुळई गार्नमच्या कोठारातली आहे. तो खरं बोलला. आणि पोरीच्या लग्नात बापाला रस्त्यावर उभा केला, ते माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. बॉरेटनं स्वतः पेला भरला आणि पुढे सरकवला. सायलसनं तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, तोंड पुसलं आणि तो सरळ घरी आला. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. बॉरेटचं नाक फरशीला लागलं, गावानं बघितलं, आणखी काय पाहिजे?

"झालं ना मनासारखं?" एडनानं विचारलं.

"अर्धं झालं," सायलस म्हणाला.

सोमवारी जिल्ह्याची बाई आली. मिस प्रॉसर तिचं नाव, वय जेमतेम तीस, पायात शेतकऱ्याचे बूट, हातात बॅटरी. सायलसनं तिला तुळई दाखवली. आजाच्या लाकूड तासायच्या वाकसाचे घाव दाखवले. गार्नमच्या कोठारात तिच्यावर आडवी लाकडं बसायची त्या या खाचा, तोफबिफ काही नाही, हेही सांगितलं. दर्शनी भिंत दीडशे वर्षांपूर्वीची, घोडागाड्यांचा रस्ता झाला तेव्हा घर शहरी दिसावं म्हणून पुढून चिकटवलेली. मिस प्रॉसर लिहीत होती आणि बॉरेट प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. एकवीस वर्षं ज्या बोलण्यानं अंगाची आग झाली तेच बोलणं त्याला आता अमृतासारखं लागत होतं.

"म्हणजे विशेष काही उरत नाही," मिस प्रॉसर म्हणाली आणि तिनं वही मिटली. "वाईट वाटतं."

"चहा टाकतो," बॉरेट म्हणाला. त्याच्या तोंडावर इतका आनंद सायलसनं कधी बघितला नव्हता.

"मिस, खालचं झालं," सायलस म्हणाला. "वरचं बघायचं राहिलं की."

"वर काय आहे? माळा," बॉरेट म्हणाला. "नुसती कबुतरांची घाण."

"कबुतरं असणारच. पाचशे वर्षांची वस्ती आहे त्यांची."

बॉरेटच्या हातातली किटली तशीच राहिली. त्याला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहिला, पण माळ्यावर कधी चढला नाही. गिऱ्हाईक जिथे जात नाही तिथे तो कशाला जाईल? सायलसला मात्र विसाव्या वर्षी आजानं वर नेलं होतं, कंदील धरून सगळं दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, की हे घर आपण राखायचं.

माळ्याची वाट बॉरेटच्या झोपण्याच्या खोलीतून होती. सकाळचे अकरा वाजलेले, पण मेबल पलंगावर होती, खांद्यावर शाल, उशांना टेकून. खोलीला ओल्या चुन्याचा वास येत होता. खोकल्याची उबळ थांबेपर्यंत तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"शिडी कपाटामागं आहे, सायलस," ती म्हणाली. "खालची पायरी सैल आहे, जपून."

वर चढल्यावर मिस प्रॉसर शिडीच्या तोंडाशीच थांबली. बॅटरीचा झोत ती नुसता फिरवत होती. माणसाच्या कमरेएवढे ओकचे वासे, लोखंडाचा एक खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. प्रत्येक सांध्यावर जुन्या सुतारानं कोरलेल्या खुणेच्या रेघा, हा वासा त्या खाचेत. मधोमध एक कोरीव खांब, त्याला चारी बाजूंनी फुटलेले चार बाकदार टेकू, आणि त्याच्यावर सगळं आढं पेललेलं. आणि सगळ्यावर, अगदी वरपर्यंत, काजळीचा जाड थर.

तिनं बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बघत राहिली. "धुराडं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"नव्हतंच. खाली एकच उंच दालन होतं, मधोमध जमिनीवर चूल, धूर कौलांमधून बाहेर. मजला आणि धुराडं मागाहून घातलं. माझा आजा म्हणायचा, हे छप्पर आरमार यायच्या आधी शंभर वर्षांचं."

"जास्तच असतील," मिस प्रॉसर म्हणाली. "मिस्टर कॅटरमोल, असं अख्खं छप्पर मी आजवर फक्त चित्रात बघितलंय."

शिडीच्या पायथ्याशी बॉरेट उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. डोक्यावर खरंखुरं सोनं असताना हा गाढव आयुष्यभर पितळेची पाटी घासत बसला होता, आणि आता ते सोनं त्याच्याच मानेवर पडलं.

सायलस उतरला तेव्हा मेबलनं त्याच्याकडे बघितलं. "चांगलं आहे का रे छप्पर?"

"जिल्ह्यात असं दुसरं नाही, मालकीणबाई."

"अरेरे," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

सायलसनं ते ऐकलं. पण तो विजयाच्या गुर्मीत होता, त्याचे कान जिन्याखाली लागले होते. खाली बॉरेट बाकाला धरून उभा होता.

"शनिवारी माझी बिअर प्यालास तू," तो म्हणाला.

"प्यालो. खरं बोलायचं कबूल केलं होतं, ते बोललो. तू अर्धंच मागितलं होतंस, मी सगळं दिलं. आता राहा याच्यात."

महिन्याभरात घर जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत चढलं. एक वीट काढायची तर परवानगी. कंपनी आली तशी गेली. दुसरं गिऱ्हाईक मिळेना, कारण यादीबरोबर कागद आला, की छप्पर जुन्याच पद्धतीनं, ओकमधे दुरुस्त करून घ्यावं. ते काम येणारा जवळपास एकच सुतार होता. मिस प्रॉसर त्याच्याकडे गेली.

"त्यानं येऊन विचारलं की करतो," सायलस म्हणाला.

ती बॉरेटकडे गेली. "मी त्याच्या दारात एकदा जाऊन आलोय," बॉरेट म्हणाला. "आता त्यानं यावं." त्यानंतर कचेरीची पत्रं येत राहिली आणि शेकोटीत जात राहिली. फुटक्या कौलांवर ताडपत्री पडली.

सायलस रोज वाट वाकडी करून ती ताडपत्री बघून यायचा. ती वाऱ्यानं फडफडली की त्याला जेवण गोड लागायचं. बॉरेट पुन्हा बंदी घालणार म्हणून गाव वाट बघत होतं, पण ती काही आली नाही. सायलस तरीही ड्रेकमधे गेला नाही. न जाण्याची आता त्याला सवय झाली होती.

एडना मात्र जायची, मागच्या दारानं, मेबलसाठी सूप घेऊन. एक दिवस ती रिकामं भांडं घेऊन परत आली आणि कोट न काढताच बोलायला लागली.

"तिच्या पलंगावर गळतंय. पायाशी घमेलं ठेवलंय. डॉक्टरनं तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, ही ओल सोड, समुद्रावर जा, नाहीतर छाती टिकणार नाही. म्हणून तो घर विकत होता, सायलस. खुर्ची टाकून बसायला नव्हे."

सायलसला ती शिडी आठवली, तो चुन्याचा वास आठवला. "मग मला का नाही सांगितलंन त्यानं?"

"तुला? तुझ्यापुढं बायकोच्या खोकल्याची भीक मागायची? तू असतास तर मागितली असतीस?"

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "नुसतं येऊ दे त्याला. तोंडानं नको बोलू म्हणावं, दारात उभा राहिला तरी पुरे. त्याच दिवशी चढतो वर."

आणि ते खोटं नव्हतं. त्यानं ओकची लाकडं निवडून ठेवली, पटाशांना धार लावली, खुंट्या तासून पेटी भरली. मग दाराकडे तोंड करून बसला. एक हिवाळा गेला. दुसरा आला. एडना म्हणाली, तू जा. तो म्हणाला, आता येईलच. दोन म्हातारी गाढवं पाचशे पावलांच्या अंतरावर एकमेकांची वाट बघत बसली, आणि मधे एक बाई भिजत राहिली.

फेब्रुवारीत मेबल गेली. टेडनं खड्डा खणला, गोठलेल्या जमिनीत त्याला दोन दिवस लागले. दफन झाल्यावर पिरपिर पावसात सगळे चहाला ड्रेककडे वळले. सायलस चर्चच्या फाटकापाशी घराकडे वळायला लागला तेव्हा एडनानं त्याचा दंड धरला.

"आज तू यायचंस. पुढच्या दारानं."

तो आत शिरला तशी बोलणी थांबली. बॉरेट काळा टाय लावून स्वतःच पेले भरत होता. त्यानं सायलसला बघितलं. सायलसला मनापासून वाटत होतं, यानं आता ओरडावं. नीघ म्हणावं, गचांडी धरून गल्लीत फेकावं. तेवढं केलं असतं तर तो आयुष्यभर उपकार मानत गल्लीत उभा राहिला असता.

बॉरेटनं एक पेला काठोकाठ भरला, हातात घेऊन काउंटरमागून बाहेर आला आणि शेकोटीपलीकडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. त्या टेबलावरच्या छताला गाडीच्या चाकाएवढा पिवळा डाग होता. वर मेबलची खोली.

"बस," तो म्हणाला.

"रेग, मी उद्या सकाळी येतो. लाकडं तयार आहेत. आठ दिवसांत छप्पर—"

"आता कुणासाठी?"

सायलसनं त्या डागाकडे बघितलं. वरून टप्प असा आवाज आला, पत्र्यावर पडलेल्या थेंबाचा. थोड्या वेळानं पुन्हा आला.

"घमेलं मी हलवलेलं नाही," बॉरेट म्हणाला. तो हळू बोलत होता, पण मागच्या माणसाला ऐकू जात होतं. "तुला वाटलं असेल मी परत बंदी घालीन. नाही घालायचा. सगळ्यांदेखत उठवलीय, शब्द फिरवणार नाही. रोज यायचं. ही जागा तुझी, इथं दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. आणि छपराला हात लावायचा नाही, मी जिवंत आहे तोवर गळू दे. पी, सायलस."

सगळं गाव बघत होतं. एडना बघत होती. सायलस बसला आणि त्यानं पेला उचलला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ड्रेकचं दार उघडलं तेव्हा तो पुन्हा आला, कारण न येण्याचं कारण त्याला कुणालाच सांगता आलं नसतं. बॉरेटनं काही न विचारता पेला भरून कोपऱ्यात नेऊन ठेवला.